शाळेच्या खात्यात येतं किती, आणि येतं कुठून? सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही पंचायत समितीच्या शिक्षण विभागात डोकावा, मुख्याध्यापकांची एकच धांदल दिसेल. वरच्या मध्यवर्ती खात्यातून शाळेला दिलेली अनुदानाची खर्चमर्यादा 31 तारखेला संपणार. त्याआधी समितीचा ठराव, दुकानदाराचं बिल, व्हाउचर आणि पोर्टलवरची नोंद हे सगळं जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर आलेला पैसा खर्च न होताच परत गेला असं समजायचं. खातं शाळेच्या नावाचं, त्यात शिल्लक मात्र कायम शून्य. ही आताची तऱ्हा झाली. पण शाळेसाठी पैसा कुणी गोळा करायचा, कुणी वाटायचा आणि खर्चाचा हुकूम कुणाचा, हे भांडण या भागात दीडशे वर्षं चालू आहे.

सुरुवात शेतसाऱ्यापासून करावी लागते. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली आणि 1869 च्या कायद्याने या लोकल फंडाला पक्कं रूप दिलं. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी होती. म्हणजे गावोगावच्या सरकारी मराठी शाळा चालल्या त्या बऱ्याच अंशी कुणब्याच्या आण्यावर. पैसा गावातून उचलला जायचा, पण शाळा कुठे काढायची, मास्तर कोण आणि पगार किती, हे ठरायचं पुण्यातल्या शिक्षणखात्यात आणि कलेक्टर कचेरीत.

या हिशेबावर पहिलं जाहीर बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. 1882 मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्टच मांडलं की सरकारी तिजोरीत भर पडते रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणीही त्याच निवेदनातली. आपण फुल्यांचं ते निवेदन समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून वाचतो. माझ्या मते तो आधी अर्थसंकल्पावरचा आक्षेप आहे, आणि तसाच वाचला तर आजही बोचतो.

1884 च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली, पण शाळांवर खरी सत्ता मिळायला 1923 उजाडलं. त्या वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डं आणि नगरपालिकांकडे गेला. सक्तीच्या शिक्षणाची योजना आखली तर वाढीव खर्चातले दोन तृतीयांश जिल्हा बोर्डाला आणि निम्मे नगरपालिकेला सरकार देणार, असं ठरलं. उरलेला वाटा स्थानिक संस्थेने उभा करायचा. इथेच गाडी अडायची, कारण कर वाढवून पुन्हा मतं मागायला जाण्याची हिंमत फार थोड्या बोर्डांत होती. शिवाय शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या सभासदांच्या हातात आल्या. त्याचं पुढे काय झालं असेल हे आजचा कुणीही गुरुजी न विचारता सांगेल. 1938 मध्ये कायदा सुधारून सरकारने शाळांचा कारभार पाहणारा प्रशासकीय अधिकारी आपल्या हाताखाली घेतला. 1947 च्या कायद्याने स्कूल बोर्डं, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं, नव्याने बांधली, पण दोऱ्या बऱ्याचशा सरकारकडेच ठेवल्या.

हे झालं इंग्रजी मुलखापुरतं. या टापूचा नकाशा तेव्हा गोधडीसारखा होता. तासगाव, वाळवा, विटा सातारा जिल्ह्यात. सांगली आणि मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, फलटण निंबाळकरांचं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या शाळांचा पैसा दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून यायचा, त्यामुळे एका गावाचा नियम दुसऱ्याला लागू नसायचा. मार्च 1948 मध्ये संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. 1949 मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. संस्थानी शाळा आणि बोर्डाच्या शाळा एकाच हिशेबात आल्या त्या या काळात.

सरकार आणि बोर्ड या दोघांच्याही हिशेबात न बसणारा एक मोठा प्रयोग याच मातीत झाला. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. बोर्डाच्या शाळा मोठ्या गावांत असत. वाड्यावस्त्यांवर शाळा काढणं त्यांना परवडत नसे, किंवा परवडत नाही असं ते म्हणत. 1938 च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या खेर मंत्रिमंडळाने व्हॉलंटरी, म्हणजे खाजगी पुढाकाराने चालणाऱ्या, शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा भाऊरावांनी ती योजना दोन्ही हातांनी उचलली. देवळात, चावडीत, कुणाच्या पडवीत शाळा भरू लागली. जागा गावाची, शिक्षक संस्थेचा, थोडं अनुदान सरकारचं. अशा शाळांचा आकडा 578 वर गेल्याचं सांगितलं जातं. पुढे त्या बहुतेक जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपवल्या गेल्या. आज सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात ज्या लहान जिल्हा परिषद शाळा दिसतात, त्यांतल्या काहींचं मूळ या व्हॉलंटरी शाळांत आहे.

या संस्थेच्या पैशाचा दुसरा झरा घराघरातून वाहायचा. दळायला बसताना बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते वसतिगृहाला जाई. लक्ष्मीबाई पाटलांनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे साताऱ्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. अनुदान वेळेवर आलं असतं तर दागिने मोडायची पाळी आली असती का, हे सहसा कुणी विचारत नाही.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुख्यमंत्री कराडचे यशवंतराव चव्हाण, आणि आराखडा वसंतराव नाईक समितीचा. स्कूल बोर्डं गेली, प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. शिक्षण समिती, शिक्षणाधिकारी आणि तालुक्याला गटशिक्षणाधिकारी ही आजची उतरंड त्यानंतर आकाराला आली. पैशाची रचना मात्र नीट पाहिली पाहिजे, कारण सगळा गुंता तिथे आहे.

शिक्षकाचा पगार राज्य सरकार देतं, पूर्ण देतं. तो जिल्हा परिषदेच्या हिशेबातून जातो, पण परिषदेला त्यातला एक रुपया इकडचा तिकडे करता येत नाही. आता तर शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतून तो थेट शिक्षकाच्या खात्यात पडतो. शाळेवरच्या एकूण खर्चातला सिंहाचा वाटा हाच, आणि त्यावर ना शाळेचा हात ना गावाचा. शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या पदांना मिळणाऱ्या सरकारी मंजुरीत, पटावरून ठरतं. म्हणजे शाळेला मिळणारं खरं अनुदान शिक्षकांच्या रूपात येतं, आणि ते वाढवायचं तर पट वाढवण्याखेरीज मार्ग नाही.

जिल्हा परिषदेचं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे सेस. जमीन महसुलावरचा आणि पाणीपट्टीवरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींवरचं व्याज. जुन्या एका आण्याचाच हा वंशज. यातून वर्गाची दुरुस्ती, बाक, फळे, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असं काही निघतं. वाटप गरजेप्रमाणे व्हावं अशी अपेक्षा, पण प्रत्यक्षात सदस्यांच्या गटागटांत सारखे तुकडे पाडण्याकडे कल असतो. ज्या शाळेचं छत गळतं तिलाही तेवढंच आणि जिचं गळत नाही तिलाही तेवढंच.

तिसरा भाग सादिलचा. खडू, झाडू, हजेरीपत्रक, वीजबिल, घंटेचा दांडा, अशा किरकोळ गोष्टींसाठी शिक्षकांच्या वेतनखर्चाच्या 4 टक्के रक्कम धरलेली. कागदावर ती बरी दिसते, पण शाळेपर्यंत ती पूर्ण आणि वेळेवर पोचली असं म्हणणारा मुख्याध्यापक भेटायला नशीब लागतं. वीजबिल थकलं, मीटर कापलं, मग सरपंचांच्या हातापाया पडून ग्रामपंचायतीच्या निधीतून भरलं, हा क्रम अनेक गावांना पाठ आहे.

खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांचं तंत्र वेगळं. तिथे पगार शिक्षण खात्याच्या वेतन पथकातून येतो आणि पगाराव्यतिरिक्तच्या खर्चाचं वेतनेतर अनुदान संस्थेला. 2001 नंतरच्या शाळांवर 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का होता. 2009 मध्ये त्यातला 'कायम' गेला आणि पुढे वीस-वीस टक्क्यांचे टप्पे सुरू झाले. त्या टप्प्यांसाठी शिक्षकांनी किती आंदोलनं केली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सांगली-साताऱ्यात साखर कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे कपात करून शिक्षणसंस्था उभ्या केल्या. तीही एक प्रकारची स्थानिक कर-आकारणीच, फक्त तिचं लेखापरीक्षण गावाच्या हातात नव्हतं.

शाळेच्या हातात थेट पैसा पहिल्यांदा आला तो सर्व शिक्षा अभियानात, 2001 नंतर. शाळा अनुदान प्राथमिकला 5,000 आणि उच्च प्राथमिकला 7,000, शिक्षकामागे 500, शिवाय देखभाल-दुरुस्तीचे. आकडे आज हसण्यासारखे वाटतील. पण शाळेच्या नावाचं बँक खातं, त्यावर मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्षांची सही, आणि काय घ्यायचं हे गावात बसून ठरवायचं, हे तेव्हा नवं होतं. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीला कायद्याचं बळ मिळालं. समितीत पालक 75 टक्के, महिला निम्म्या. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि अनुदान त्यावरून ठरायचं, असं कायदा म्हणतो. आराखडे झाले, फायलीत लागले. अनुदान त्यावरून ठरलं नाही.

ते ठरतं पटाच्या पायऱ्यांवरून. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियानाच्या जागी केंद्राची समग्र शिक्षा योजना आली आणि सुटी अनुदानं एकत्र करून संयुक्त शाळा अनुदान झालं. आजच्या निकषाने 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000, त्यापुढे 100 पर्यंत 25,000, मग 250 पर्यंत 50,000, 1,000 पर्यंत 75,000 आणि त्यावर एक लाख. यातले 10 टक्के स्वच्छतेवर खर्च झालेच पाहिजेत.

पाटण किंवा जावळीतल्या एखाद्या वस्तीशाळेचा हिशेब मांडून बघा. पट 30, अनुदान 10,000. त्यातले 1,000 स्वच्छतेचे. उरले 9,000, म्हणजे महिन्याला 750 रुपये. त्यात वीज, इंटरनेट, खडू, झेरॉक्स आणि पावसाळ्यात उडालेला पत्रा. कोयनेच्या पाणलोटात पाऊस काय असतो हे सांगायला नको. जूनमध्ये एक पोर जास्त दाखल झालं की हीच शाळा 25,000 च्या पायरीवर चढते. ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेलं एक कुटुंब मुलांसह परतलं नाही की खाली उतरते. शिवाय जाहीर रक्कम पूर्ण येतेच असं नाही. बऱ्याचदा निम्मीच येते आणि तीही वर्ष सरता सरता. जतच्या कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांनाही हेच कोष्टक लागू, साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळच्या शाळेलाही तेच.

तुलनेसाठी इंग्लंडचं उदाहरण घेऊ. तिथे 1988 च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांना सूत्र ठरवून बहुतांश पैसा शाळांकडे सोपवणं भाग पडलं, आणि त्यात शिक्षकांचे पगारही आले. विद्यार्थीसंख्येबरोबर गरिबी, विशेष गरजा, विरळ वस्ती हेही घटक सूत्रात असतात. शाळेचं बजेट शाळेचं व्यवस्थापन बसवतं, आणि चुकलं तर तूटही त्याच्याच गळ्यात. आपल्याकडे पगार शाळेच्या हाती द्यावा असं मी म्हणणार नाही, 1923 नंतरचा अनुभव पुरेसा बोलका आहे. पण लहान आणि दुर्गम शाळेला जास्त वजन देणारं सूत्र घ्यायला काय हरकत आहे? आपल्या पायऱ्या नेमकं उलटं करतात, कारण चार भिंती आणि एक छत यांचा खर्च पट कमी झाला म्हणून कमी होत नाही.

2021 मध्ये केंद्राने एकच मध्यवर्ती खातं आणि त्याखाली शाळांची झिरो बॅलन्स खाती ही पद्धत आणली. जुन्या खात्यांतली शिल्लक परत मागवली गेली. गैरव्यवहार आणि पडून राहणारा पैसा यांना आळा बसला, हे मान्य करायला हवं. पण 2001 नंतर शाळेच्या समितीला जो थोडा मोकळा श्वास मिळाला होता तो गेला. आता समिती ठराव करते, मर्यादा वरून पडते, आणि ती कधी पडेल हे मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळतं.

मोठी कामं या सगळ्याच्या बाहेरून होतात. नवी वर्गखोली आणि मोठी दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, म्हणजे पालकमंत्री आणि आमदारांच्या मर्जीच्या जवळून. सांगली जिल्हा परिषदेने 'माझी शाळा आदर्श शाळा' अभियान राबवलं. त्यात नियोजन समिती, ग्रामपंचायत, कंपन्यांचा सामाजिक निधी आणि लोकवर्गणी अशा चार-पाच तिजोऱ्या एकत्र आणल्या आणि निवडलेल्या शाळांचं रूप खरोखर पालटलं. प्रश्न निवड न झालेल्या शाळांचा आहे. जिथे गावात वजनदार माणूस आहे, माजी विद्यार्थी पुण्यात स्थिरावले आहेत, तिथे वर्गणी जमते. जिथे अर्धं गाव कामाला बाहेर, तिथे सेस, सादिल आणि संयुक्त अनुदान एवढंच. शहरात, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या शाळांत, पगाराचा निम्मा भार महापालिकेवर असतो आणि रस्ते-गटारांशी स्पर्धा करत शाळेला आपला वाटा मागावा लागतो.

पंचायत समितीत आज एखाद्या शाळेच्या नावाने मिळालेल्या सगळ्या पैशांचा एकत्र हिशेब मागितला तर तो एका कागदावर मिळत नाही. पगार शालार्थात, अनुदान केंद्राच्या पोर्टलवर, सेसची कामं बांधकाम विभागाच्या नोंदवहीत, वीजबिल ग्रामपंचायतीच्या दप्तरात, पोषण आहाराचं वेगळ्याच नोंदीत. शाळा व्यवस्थापन समितीला हा एक कागद दरवर्षी जूनच्या सभेत मिळावा, एवढी मागणी करायला नव्या कायद्याची गरज नाही. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम असल्याचं शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21 मध्ये लिहिलेलंच आहे.