मुलाला परदेशी नेताय? नोटरी कुठे लागते, कुठे नाही

नाशिकमध्ये सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलापाशी पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन उभे असलेले आई-वडील अजून दिसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं : मुलाचा पासपोर्ट काढायचाय. अहो, त्याला स्टॅम्प लागत नाही! दोन्ही पालकांच्या संमतीचा ठरलेला नमुना, म्हणजे ॲनेक्शर डी, साध्या कागदावर, सह्या करून द्यायचा. डिसेंबर २०१६पासून नोटरीची अट गेली, पण हे सांगायला कुणी बसलेलं नाही. एकाची संमती मिळतच नसेल किंवा पालक एकटाच असेल तर ॲनेक्शर सी.

फी १००० रुपये, आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सूट. अपॉइंटमेंटला मूल सोबत न्यायचं. चार वर्षांखालचं असेल तर पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटोही.

खरं घोडं अडतं जन्मदाखल्यावर. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, आधार नाही. आणि दाखला मिळतो जन्म झाला तिथे. बाळंतपण माहेरी मालेगावला, राहायला इंदिरानगरला, आणि खेटे नाशिक महापालिकेत! तिथे नोंदच नाही तर दाखला कुठून देणार?

दुसरी खोच नावाची. नोंद बारशाआधी झालेली, म्हणून बाळाच्या नावाचा रकाना कोरा. लॅमिनेशन करून जपलेला असा दाखला एका ताईंनी अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी मला दाखवला. काय बोलणार? नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं, पण एका रात्रीत नाही. दाखल्यावर आईचं नाव माहेरचं आणि तिच्या पासपोर्टवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही जवळ ठेवा.

मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. (पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा मागता येतो.) आपला दहा वर्षांचा बघून तिकिटं काढली जातात. त्यात कित्येक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक लागते.

आता नोटरी. मूल एकाच पालकासोबत किंवा आजी-आजोबांसोबत निघालं असेल, तर न येणाऱ्या पालकांचं संमतीपत्र करून घ्या. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) ते मागतात, कॅनडाला नेताना जवळ असलेलं बरं. इंग्रजीत लिहा : मुलाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कुणासोबत, कुठे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, खर्च कोण करणार, पालकांचा फोन. खाली सही. ही सही मात्र नोटरीसमोरच करायची. पासपोर्टसाठी काढलेला तो स्टॅम्प पेपर इथे कामाला येईल.

वडील दुबईत असतील तर त्यांची सही काकांनी ठोकू नये. त्यांनी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात पत्र साक्षांकित करून मूळ प्रत कुरियरने पाठवावी. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोची प्रिंट म्हणजे संमतीपत्र नव्हे.