घोट्याच्या हाडांचा आकार आणि सांध्याचे विकार

घोटा वारंवार मुरगळणे, पुढे किंवा मागे अडकणे आणि कालांतराने झिजणे या तक्रारींचा घोट्यातील हाडांच्या घडणीशी संबंध असतो. अशा वेळी दोष बहुधा सैल पडलेल्या अस्थिबंधांना, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यांना, दिला जातो. पण अस्थिबंधांवर किती ताण पडायचा हे बऱ्याच अंशी हाडे ठरवतात.

नडगीचे हाड वरून व आतून आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड बाहेरून मिळून एक खाच तयार करतात. सुताराने खाचेत लाकूड बसवावे तसे टॅलस हे हाड तिच्यात बसते. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि त्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो. त्याला जागेवर धरतात ते आजूबाजूच्या हाडांचा आकार आणि अस्थिबंध. टॅलसचा वरचा घुमट पुढे रुंद व मागे अरुंद असतो. चवडा वर उचलला की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग आत येतो आणि सांध्याला ढिलाई मिळते. जिना उतरताना, उडी मारून चवड्यावर येताना किंवा उंच टाचेच्या चपलेत पाय मुरगळतो, त्यामागे ही ढिलाईही असते. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खालपर्यंत उतरलेला असल्याने पाऊल बाहेर वळायला अडते, आत मात्र सहज वळते. त्यामुळे मुरगळण्यात बहुतेकदा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध दुखावतात.

ही घडण माणसामाणसांत थोडी वेगळी असते. पाय सतत मुरगळणाऱ्यांच्या एक्स-रेंची तुलना केली असता काही अभ्यासांत टॅलसचा घुमट अधिक सपाट आणि त्यावरील नडगीच्या हाडाचे छत अपुरे आढळले. बारीक हाड थोडे मागे सरकलेले असणे हेही कारण मानले गेले, पण त्याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. टाच आत कललेली आणि पावलाची कमान उंच असेल तर प्रत्येक पावलाला भार बाहेरच्या कडेवर येतो. अशा पायात टाचेचा कल तसाच ठेवून नुसता अस्थिबंध शिवला, तर तो पुन्हा सैल पडण्याची शक्यता राहते.

टॅलसच्या मागच्या टोकाचा तुकडा वाढीच्या वयात मुख्य हाडाशी जुळतो. काहींत तो सुटाच राहतो. एक्स-रेच्या अहवालात असे जादा हाड दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. चवड्यावर उभे राहून नाचणाऱ्या बॅले नर्तकांत मात्र ते नडगी आणि टाचेच्या हाडांमध्ये चिमटते व मागून दुखू लागते. सांध्याच्या पुढच्या कडेवर वाढणारे हाडाचे काटे फुटबॉलपटूंत विशेष आढळतात आणि चवडा वर घेताना अडतात.

हे काटे जन्मजात नसतात, आणि इथेच कारण कोणते व परिणाम कोणता हा प्रश्न अवघड होतो. टाचेचे हाड व टॅलस जन्मतःच जोडलेले असले तर पाऊल आत-बाहेर वळण्याचे काम घोट्यावर येते आणि वाढत्या वयात टॅलसचा घुमट गोलाकार होत जातो. नेहमी उकिडवे बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या कडेवर आणि टॅलसच्या मानेवर (घुमटापुढच्या अरुंद भागावर) घासून तयार झालेले छोटे सपाट भाग सापडतात. जुने सांगाडे तपासणारे त्यांवरून माणसाच्या बसण्याच्या सवयीचा अंदाज बांधतात.

गुडघ्याची झीज बहुधा आधीच्या इजेशिवायच होते. घोट्याची मात्र बहुतेक वेळा अस्थिभंगानंतर किंवा वारंवार मुरगळल्यानंतर सुरू होते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या, शवांच्या घोट्यांवरील एका प्रयोगात टॅलस केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकवल्यावर हाडांचे परस्परांना टेकणारे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटले. तोच भार लहान जागेवर येतो. म्हणून मोडलेला घोटा किंचित वाकडा जुळणेही महागात पडते.

तपासणीत रुग्णाला उभे करून काढलेला एक्स-रे महत्त्वाचा, कारण आडवे झोपल्यावर हाडांचा कल नीट दिसत नाही. हल्ली उभ्यानेच सीटी स्कॅनही करता येते. झीज सांध्याच्या एकाच बाजूला असेल तर नडगीचे हाड घोट्याच्या वर कापून भार चांगल्या बाजूकडे वळवतात. अडणारे काटे दुर्बिणीतून काढता येतात. मुरगळण्याच्या तक्रारीत मात्र हाडांचा आकार कसाही असला तरी पोटरीच्या बाहेरील स्नायूंना बळकटी आणि तोल सावरण्याचे व्यायाम आधी दिले जातात.