स्त्रीबीजाला धरून ठेवणारे हात

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साधारण १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि पुढच्या सगळ्या आयुष्यात बाहेर पडतात ती जेमतेम ४००. ही गोष्ट सांगताना हार्मोन्सचं नाव हमखास येतं. पेशी ज्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वाढत्या फॉलिकलमध्ये, म्हणजे अंडाशयात स्त्रीबीज ज्या बारीक पिशवीत वाढतं तिच्यात, डोकावून बघा. मधोमध स्त्रीबीज, त्याभोवती झोना पेल्युसिडा नावाचं जाडसर पारदर्शक कवच आणि कवचाबाहेर ग्रॅन्युलोसा पेशींचे थर. कवच मध्ये आलं म्हणून या पेशी दूर राहत नाहीत. त्या कवचातून केसाहूनही कितीतरी बारीक तंतू आत घालतात. तंतूचं टोक स्त्रीबीजाला भिडतं आणि तिथे दोन्हीकडची कॅडहेरिन प्रथिनं एकमेकांत अडकतात. या पकडीला कॅल्शियम लागतं. ते काढून घेतलं की पकड सुटते.

तिथेच गॅप जंक्शन नावाच्या अतिसूक्ष्म नळ्याही असतात. स्त्रीबीजाला ग्लुकोज स्वतःहून नीट वापरता येत नाही, म्हणून भोवतालच्या पेशी त्याचं पायरुव्हेट, म्हणजे त्याला वापरता येईल असं इंधन, करून देतात. याच नळ्यांतून सायक्लिक जीएमपी हा रेणू आत येत राहतो आणि स्त्रीबीजाचं विभाजन रोखून धरतो. या नळ्या ज्या कनेक्झिन-३७ प्रथिनाच्या बनतात, त्याचं जनुक उंदरांमधून काढून टाकलं, तर फॉलिकल पुरतं पिकत नाही आणि मादीला पिल्लं होत नाहीत.

बाहेरच्या अंगाला पकड असते इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाची. माणसात त्याचे २४ प्रकार आहेत. ग्रॅन्युलोसाचा सर्वांत बाहेरचा थर ज्या पातळ पडद्यावर उभा असतो, त्यातल्या लॅमिनिन या प्रथिनाला इंटिग्रिन बाहेरच्या टोकाने धरतं आणि आतल्या टोकाने पेशीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. आपण जागेवर आहोत, हे पेशीला त्यातून कळतं. पाया सुटलेल्या बऱ्याच पेशी स्वतःला संपवतात. या मरणाला ‘अनोइकिस’ म्हणतात. ग्रीक मुळाप्रमाणे अर्थ, बेघर होणं.

मग स्त्रीबीज बाहेर पडण्याचा इशारा देणाऱ्या एलएच हार्मोनची लाट येते. सायक्लिक जीएमपी ओसरतं, रोखलेलं विभाजन पुढे सरकतं. स्त्रीबीजालगतच्या पेशी हायलुरोनन नावाचा चिकट पदार्थ भराभर तयार करतात, एकमेकींपासून पांगतात आणि त्या घट्ट गोळ्याचा मऊ, बुळबुळीत ढग होतो. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी फॉलिकल फुटतं आणि स्त्रीबीज या ढगासकट बाहेर येतं.

अंडवाहिनीच्या तोंडाशी हलणारे रोम असतात. ढग त्यांच्या टोकांना चिकटतो आणि रोम त्याला आत ओढून नेतात. हॅमस्टरवरच्या प्रयोगांत ढग काढून नुसतं स्त्रीबीज तिथे ठेवलं, तेव्हा रोम हलत राहिले, पण त्यांना ते उचलता आलं नाही.