बर्फ सारायचा आणि ट्रेलरही ओढायचा: जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या निवडीमागचा इतिहास

मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला सुपीरियर सरोवरात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. न्यूयॉर्क राज्यात ऑन्टारियो सरोवराच्या पूर्वेला असलेल्या टग हिल पठारावर दोनशे इंच बर्फाचे कुणाला नवल वाटत नाही. अशा मुलखात हमरस्ते मोकळे करण्याचे काम सरकारी यंत्रणा करते. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मात्र ज्याची त्यानेच मोकळी करायची असते, आणि रस्त्यावरून बर्फ सारणारा मोठा प्लाऊ जाताना त्या वाटेच्या तोंडाशी जो ओला, घट्ट बांध टाकून जातो तोही घरमालकालाच फोडावा लागतो. त्या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा बांध चांगलाच परिचयाचा असेल. हिवाळ्यात हा बांध फोडणारी गाडीच उन्हाळ्यात बोट, गवताच्या गाठी किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढते, आणि या दुहेरी कामासाठी पन्नास-पन्नास वर्षांची जुनी पिकअप निवडणारे लोक तिथे आजही आहेत.

ही दोन कामे वरवर सारखी वाटली, तरी गाडीकडून त्यांच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. साडेसात-आठ फुटी पाते, त्याची चौकट आणि पंप मिळून काहीशे किलोंचे वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे टांगले जाते आणि गाडी दिवसभर चालण्याच्या वेगाने पुढे-मागे होत राहते. ट्रेलर ओढताना ओझे मागच्या टोकावर येते, वेग हमरस्त्याचा असतो आणि खरी परीक्षा ओढण्यापेक्षा थांबण्याची असते. अमेरिकी पिकअपच्या इतिहासात यांपैकी पहिल्या मागणीचे उत्तर १९४६ सालीच मिळाले होते; दुसरीचे मिळायला आणखी पाव शतक लागले. कोणती जुनी गाडी कोणत्या कामाची, हे समजून घ्यायचे तर हे अंतर ध्यानात ठेवावे लागते.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धाची. डॉज कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी डब्ल्यूसी मालिकेचे हलके, चारही चाकांना जोर देणारे ट्रक बांधले होते. युद्ध संपताच त्याच सांगाड्यावर बंद केबिन बसवून कंपनीने १९४६ साली 'पॉवर वॅगन' बाजारात आणली. कारखान्यातून मोठ्या संख्येने तयार होऊन सर्वसामान्य ग्राहकाला मिळालेला पहिला फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक म्हणून तिचे नाव घेतले जाते. २३० घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे, जेमतेम ९४ अश्वशक्तीचे इंजिन, चार गतींचा गिअरबॉक्स, इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा दोन टप्प्यांचा ट्रान्सफर केस, आणि इंजिनाचा जोर बाहेर काढून विंच किंवा शेतीची यंत्रे चालवण्याची सोय, अशी तिची बांधणी होती. हिचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास संपत असे, परंतु खालच्या गिअरमध्ये ती ज्या ठामपणे बर्फाच्या ढिगाला भिडते, ते पाहिल्यावर तिच्यावर लोकांचा एवढा जीव का आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेत ती १९६८ पर्यंत विकली गेली. प्लाऊसाठी ती आजही उत्तम आहे, पण आजच्या हमरस्त्यावर मोठा ट्रेलर मागे लावून तिला नेणे मला योग्य वाटत नाही. ज्या काळात आणि ज्या रस्त्यांसाठी ती घडवली गेली, ते रस्तेच आता राहिलेले नाहीत.

विलीज कंपनीने १९४७ साली जीपच्या तोंडवळ्याची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप काढली. मराठी वाचकाला हे घराणे परके नाही, कारण स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली होती. त्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी जे दोन आखूड दांडे असत, एक पुढची चाके जोडण्याचा आणि दुसरा 'लो' रेंज लावण्याचा, तीच व्यवस्था या पिकअपमध्येही आहे. पुढची चाके कायम जोडलेली राहिली तर सडकेवर पेट्रोल आणि यंत्राचे भाग दोन्ही विनाकारण झिजतात. युद्धातून शिल्लक राहिलेल्या जीप सडकेवर नीट चालाव्यात म्हणून आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सिअ‍ॅटल येथे लॉकिंग हबचा, म्हणजे पुढची चाके हवी तेव्हा जोडण्या-सोडवण्याच्या कळीचा, धंदा सुरू केला. चाकाच्या मधोमध असलेली ती बोटांनी फिरवायची गोल चकती, म्हणजे हिमवादळाच्या पहाटे गाडीतून उतरून, हातमोजा काढून, दोन्ही बाजूंना जाऊन 'लॉक'वर नेण्याची ती खूणगाठ, पुढची अनेक दशके या गाड्यांची ओळख बनून राहिली.

मोठ्या कंपन्या या बाजारात फार सावकाश उतरल्या. फोर्डच्या ट्रकना १९३५ पासून इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी चारही चाकांचा जोर बसवून देत असे, तर जनरल मोटर्सच्या शेव्हरोले आणि जीएमसी ट्रकसाठी मिनियापोलिसच्या नॅप्को कंपनीचा संच मिळे. नॅप्कोचे नाव शेव्हरोलेच्या कारखान्यातूनच बसवून मिळण्याइतके मोठे झाले ते १९५७ मध्ये. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५३ मध्ये, फोर्डने १९५९ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९६० मध्ये स्वतःच्या बांधणीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आणल्या. नॅप्कोची शेव्हरोले आज संग्राहकांच्या हाती गेली आहे आणि तिची किंमतही त्याच मापाने मोजली जाते, त्यामुळे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलात कामाला लावण्यासाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लाऊच्या पात्याचा इतिहास याला समांतर चालला. मेयर कंपनीची सुरुवात १९२६ ची, तर मेन राज्यातील रॉकलंड येथील फिशर कंपनीची १९४८ ची. बर्फाखाली दगड किंवा गटाराचे झाकण आडवे आले तर पाते, चौकट किंवा चालवणारा यांपैकी कुणालाही इजा होऊ नये, हा या उद्योगापुढचा मूळ प्रश्न होता. मेयरसारख्या पात्यांत अख्खे पाते पुढे झुकते आणि स्प्रिंगांच्या ताणाने परत उभे राहते. फिशरच्या पात्यात फक्त खालची धारेची पट्टी मागे दुमडते आणि वरचा भाग बर्फाला धरून ताठ राहतो. खडकाळ वाटेवर फिशरची पद्धत मला अधिक समंजस वाटते, कारण ढीग सांडत नाही. जुन्या जोडणीत पाते उचलणारा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चाले, नंतर तो विजेवर आला आणि सारा भार बॅटरीवर पडला. म्हणूनच गाडीला जुना डायनॅमो आहे की ऑल्टरनेटर, हा प्रश्न प्लाऊवाल्यासाठी किरकोळ नाही: डायनॅमो संथ फिरताना जवळजवळ चार्जिंगच करत नाही, आणि प्लाऊचे काम तर संथ गतीतच चालते. क्रायस्लरने १९६० पासून ऑल्टरनेटर आणला आणि त्या दशकात इतर कंपन्याही त्यावर आल्या.

आता ओढण्याच्या कामाकडे वळू. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत या पिकअपना चारही चाकांवर ड्रम ब्रेक आणि ब्रेकच्या तेलाला दाब देणारा एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असे. एखादी नळी फुटली की पेडल थेट तळाला जाई आणि एकही चाक धरत नसे. १९६७ पासून दुहेरी मास्टर सिलिंडर येऊ लागला. जनरल मोटर्सच्या हलक्या ट्रकना १९७१ मध्ये पुढचे डिस्क ब्रेक मिळाले, पण फोर्डच्या एफ-२५० फोर-व्हील-ड्राइव्हला त्यासाठी सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. दोन टनांचा ट्रेलर मागे घेऊन उतार उतरण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी गाडीचे रूप पाहण्याआधी तिचे हे साल पाहावे. ड्रम ब्रेकची गाडी घ्यायचीच झाली, तर ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक आणि केबिनमध्ये त्यांचा नियंत्रक असल्याशिवाय ती सडकेवर काढू नये.

याच काळात गाडीच्या पोटातले भागही बदलले. १९६९ च्या सुमारास आलेला न्यू प्रोसेस २०५ हा ओतीव लोखंडाचा, आत साखळी नसून केवळ दातेरी चाके असलेला ट्रान्सफर केस अनेकांच्या मते आजवरचा सर्वांत टिकाऊ हलका ट्रान्सफर केस आहे. त्याच्या शेजारी सत्तरच्या दशकात आलेला न्यू प्रोसेस २०३ हा चारही चाकांना सतत जोर देणारा आणि साखळीवर चालणारा. हब लॉक करायला गाडीतून उतरण्याची गरज त्याने संपवली, परंतु १९७३ च्या तेलसंकटाच्या तोंडावर इंधन खाणारी ही सोय ग्राहकांना फार काळ रुचली नाही आणि १९७९ नंतर ती मागे पडली. ज्यांच्या गाडीत तो आहे त्यांपैकी अनेकांनी पुढे संच आणून त्याचे रूपांतर ऐच्छिक फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये करून घेतले. मागच्या अ‍ॅक्सलबाबत अर्धा-टनी आणि पाऊण-टनी (ही ओझे पेलण्याच्या क्षमतेवरून पडलेली नावे) गाड्यांतला फरक निर्णायक आहे. जनरल मोटर्सची पाऊण-टनी के-२०, फोर्डची एफ-२५० किंवा डॉजची डब्ल्यू-२०० यांच्या 'फुल फ्लोटिंग' मागच्या अ‍ॅक्सलमध्ये गाडीचे वजन बाहेरची नळी आणि बेअरिंग पेलतात, आतला दांडा फक्त चाक फिरवतो. दांडा तुटला तरी चाक निखळून जात नाही; अर्धा-टनी गाडीत सहसा ही हमी नसते. ओझे ओढणाऱ्याला ही गोष्ट घोटवून सांगावी लागते, कारण दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच असतात.

डॉजने सत्तरच्या दशकात 'स्नो-कमांडर' नावाने कारखान्यातूनच प्लाऊ लावून गाड्या विकल्या. २८ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९७७ या काळात बफेलो शहर गाडून टाकणारे हिमवादळ आणि पुढच्याच वर्षी न्यू इंग्लंड ठप्प करणारे वादळ याच काळातले. माझ्या मते दुहेरी कामासाठी जुनी पिकअप शोधायची तर ती याच पट्ट्यात, ढोबळमानाने १९७१ ते १९७९ मध्ये शोधावी: पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे, डिस्क ब्रेक, दातेरी ट्रान्सफर केस आणि पाऊण-टनी मागची बाजू या चारही गोष्टी एकाच गाडीत त्याआधी क्वचितच जुळतात. चालवणाऱ्याची सवय असेल तर ६.५ च्या वर गुणोत्तराचा पहिला गिअर असलेला चार गतींचा मॅन्युअल घ्यावा; तासन्‌तास पुढे-मागे करायचे असेल तर ऑटोमॅटिक पाय वाचवतो, मात्र त्याच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवणे भाग आहे.

त्यानंतर वाटा फुटल्या. फोर्डने १९८० मध्ये पुढे 'ट्विन ट्रॅक्शन बीम' ही दुभंगलेली अ‍ॅक्सल आणली, आणि जनरल मोटर्सच्या १९८८ च्या नव्या के मालिकेत पुढची चाके पाट्यांऐवजी टॉर्शन बारवर, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांवर, स्वतंत्रपणे हलू लागली. सडकेवरची चाल सुधारली, पण पुढे पाते टांगल्यावर नाक खाली बसू लागले. ओढण्याची ताकद मात्र झपाट्याने वाढली: जनरल मोटर्सचे ६.२ लिटरचे डिझेल १९८२ मध्ये, फोर्डचे ६.९ लिटरचे १९८३ मध्ये, आणि १९८९ मध्ये डॉजला मिळालेले कमिन्सचे ५.९ लिटरचे, १६० अश्वशक्तीचे पण ४०० पौंड-फूट टॉर्कचे (चाक फिरवण्याच्या जोराचे) इंजिन. या डॉजच्या पुढे अजूनही अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे होते, म्हणून १९८९ ते १९९३ ची ती गाडी या यादीत उशिरा येऊनही वरच्या जागेवर बसते.

या सगळ्यांवर एकाच शत्रूने घाला घातला, तो म्हणजे रस्त्यावरचे मीठ. न्यू हॅम्पशायरने १९३८ मध्ये बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग केला, आणि युद्धानंतर ती पद्धत साऱ्या उत्तरेत पसरली. ज्या गाड्या बर्फासाठी जन्मल्या, त्या बर्फाच्या प्रदेशातच सर्वांत लवकर कुजल्या. म्हणून चांगल्या चॅसीच्या गाड्या अ‍ॅरिझोना किंवा पूर्व ओरेगॉनसारख्या कोरड्या मुलखातून शोधून आणल्या जातात. जाणकार खरेदीदार रंगाकडे पाहत नाही. तो हातोडी घेऊन गाडीखाली शिरतो आणि मागच्या पाट्यांच्या आधारापासून पुढेपर्यंत चॅसीवर ठोके देत येतो: धड लोखंड खणखणते, आतून सडलेले बद्द आवाज करते आणि त्यातून तांबडी पूड गळते. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या गाडीत तो स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीची माती तारेच्या ब्रशने घासून काढतो, कारण मोठी चाके आणि प्लाऊ यांच्या ताणाने तिथली चॅसी चिरते, आणि केसाएवढी ती चीर ग्रीसच्या थराखाली सहज दडून राहते.