फाळका पाडला की पिकअपचं मायलेज वाढतं?

‘मागचा फाळका (सामान ठेवायच्या हौद्याची खाली उघडणारी बाजू) पाडून चालवा, वारा अडणार नाही, इंधन वाचेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटण्यासारखाच आहे. पण फाळका बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि केबिनवरून येणारी हवा त्याच्यावरून सरकत मागे जाते. फाळका पाडला की भोवरा मोडतो आणि हवेचा विरोध बहुधा वाढतोच. शिवाय सामान रस्त्यावर पडण्याचा धोका असतो, तो मला जास्त गंभीर वाटतो.

खरी बचत वेगात आहे. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवला तर तो ३६ टक्क्यांनी घटतो. फाळका बंद ठेवूनच पडताळा घ्या: टाकी फुल करा, एकाच रस्त्यावर जाऊन-येऊन चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा, किलोमीटरना लिटरने भागा. मग वेग बदलून तेच करा.