'पित्त' या एका शब्दाखालचे दोन आजार

मुंबईत कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभे राहा, कुणीतरी येऊन "पित्तावरची गोळी द्या" म्हणतंच. पोटात आग पडली, करपट ढेकर आले, छातीत जळजळलं, जेवण घशाशी आलं, तरी आपलं नाव एकच: पित्त. शिकलेल्यांच्या घरात अॅसिडिटी. पण या शब्दाखाली निदान दोन आजार नांदतात. एक अल्सर, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अस्तरावरचा व्रण. दुसरा रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत चढणं. दोघांची कारणं वेगळी, म्हणून उपचारही वेगळे.

हे दुखणं एका जातीचं नाही, हे जुन्या वैद्यांच्याही लक्षात आलं होतं. साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या 'माधवनिदाना'त अम्लपित्ताचे ऊर्ध्वग (वर चढणारं) आणि अधोग (खाली जाणारं) असे प्रकार आहेत. शिवाय अन्न पचताना उठणाऱ्या कळेला 'परिणामशूल' असं निराळं नाव आहे. आतड्याच्या अल्सरचा रुग्ण जेवल्यावर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री पोट धरून उठतो, त्याची आठवण हे वर्णन वाचताना होतेच.

जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, हे विल्यम प्राउट यांनी १८२३ मध्ये लंडनमध्ये मांडलं. पुढे १९१० मध्ये कार्ल श्वार्ट्झ यांनी 'आम्ल नाही तर व्रण नाही' हे सूत्र दिलं आणि जवळजवळ पाऊण शतक सगळे उपचार त्याच वाटेनं गेले. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये सुचवलेला आहार होता तासातासाला दूध-साय आणि जोडीला आम्लविरोधी पूड. त्यानं नाहीच भागलं तर शस्त्रक्रिया: जठराचा भाग काढायचा, किंवा आम्ल स्रवायला लावणारी व्हेगस नस कापायची.

ती दुधाची वाट आमच्या घरातूनही गेली. माझे थोरले काका गिरणीत रात्रपाळीला होते. पहाटे पोट धरून बसायचे. डॉक्टरांनी सांगितलं, तिखट बंद, चिंता सोडा, थोडं थोडं दूध घेत राहा. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे सल्ला योग्यच होता. काकू आरेच्या केंद्रावरून आणलेल्या बाटलीतलं दूध त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायची, तेव्हा आम्हा पोरांना चहातही ते कमी मिळायचं. दुधानं घटकाभर बरं वाटायचं आणि कळ परत यायची. दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात, हे फार पुढे कळलं. पण त्याहून मला लागतं ते दुसरंच. सगळी चाळ म्हणायची, "माणूस तापट आहे, म्हणून पोट जळतं." दुखणं काकांचं, आणि दोषही त्यांच्याच स्वभावाचा.

खरं कारण त्याआधीही काहींना दिसलं होतं. इटलीच्या जूलिओ बिझ्झोझेरो यांना १८९३ मध्ये कुत्र्यांच्या जठरात मळसूत्रासारखे जंतू आढळले होते. मात्र १९५४ मध्ये अमेरिकेत एडी पामर यांनी हजाराहून जास्त माणसांच्या जठराचे नमुने तपासले आणि जंतू नाहीत असा निष्कर्ष काढला. त्यांनी वापरलेल्या रंगात हे जंतू उठून दिसत नव्हते. एवढ्या आम्लात काही जगूच शकत नाही, हा समज त्यानं आणखी पक्का झाला. ग्रीसमधल्या मिसोलोंगी गावचे डॉक्टर जॉन लिकूदिस १९५८ पासून अल्सरवर प्रतिजैविकं देत होते. त्यांना शाबासकीऐवजी दंड झाला.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून हे वाकडे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर १९८१ मध्ये त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत जंतू वाढता वाढेनात. मग १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत वाढ दिसली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता. गिरणगावात घराघरांत काळजी होती, आणि पोट बिघडलं की ते काळजीनंच, हे सगळ्यांना मान्य होतं.

डॉक्टर मंडळींना पटेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज दिसली. जंतूचं नाव पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी झालं. तो युरिएज नावाच्या विकरानं अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि अस्तरावरच्या चिकट थरात तग धरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९४ मध्ये अशा अल्सरवर प्रतिजैविकं द्यावीत असा निर्वाळा दिला. वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्या घरात शिरतो. दाटीची खोली, अस्वच्छ पाणी, सामाईक मोरी. काकांचं बालपण दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांत गेलं. तापटपणा कशाला शोधायचा? अर्थात जंतू असलेल्या प्रत्येकाला अल्सर होत नाही, विडी-सिगारेट भर घालते. आणि दुसरं मोठं कारण तर आपण स्वतः गिळतो: अंगदुखी-गुडघेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या आणि अॅस्पिरिन. अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स या गोळ्यांनी कमी होतात, हे जॉन वेन यांच्या १९७१ च्या संशोधनामुळे उलगडलं.

मधल्या काळात आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या. जेम्स ब्लॅक यांच्या कामातून सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं, मग रॅनिटिडिन, आणि १९८८ मध्ये आम्लाचा पंपच बंद करणारं ओमेप्राझोल. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी ही औषधं स्वस्तात बनवली. गरिबाची त्यानं मोठी सोय झाली. पण गोळीनं कळ थांबली की जंतू शोधायचा राहून जातो, आणि अल्सर उलटतो. रॅनिटिडिन २०२२ मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं. त्यात एनडीएमए ही कर्करोगकारक ठरू शकणारी अशुद्धी आढळल्यानं २०१९ पासून जगभर चौकशी सुरू होती.

रिफ्लक्सची गोष्ट छोटी आहे. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅशर विंकलस्टाइन यांनी अन्ननलिकेची सूज आम्लामुळे असावी असं मांडलं. इथे दोष जंतूचा नाही; अन्ननलिकेच्या तळाशी असलेलं स्नायूंचं कडं नको तेव्हा सैल पडतं. वाढलेलं पोट आणि उशिराचं जेवण त्याला जड जातं. रात्री दहाला चर्चगेटहून निघून साडेअकराला विरारला जेवायचं आणि बाराला आडवं व्हायचं, हा दिनक्रम असलेल्या माणसाला दोन-तीन तास थांबून झोपा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. तरी उपाय तोच आहे. शिवाय पलंगाची डोक्याकडची बाजू अर्धा फूट उचलायची, डाव्या कुशीवर झोपायचं, वजन उतरवायचं. पंप बंद करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरती.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळायला त्रास, कारण नसताना उतरलेलं वजन, यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. छातीतली जळजळ घाम, धाप किंवा हात-जबड्याच्या दुखण्यासोबत आली, तर तिला पित्त न समजता थेट रुग्णालय गाठावं.

काकांची दुर्बिणीची तपासणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाली. जंतू सापडला. दोन आठवडे प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, आणि पुढे महिन्याभरानं जंतू गेला का हे पाहणारी तपासणी, जी आजही बरेच जण चुकवतात. काकूनं तीही करवून घेतली. पहाटेची कळ परत आली नाही.