पोलिश सैनिकाची दुसऱ्या महायुद्धातील पदके: वारसांसाठी अर्जाची माहिती

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा अधिक होता, कारण अनेक घरांतील कर्ते पुरुष पोलिश सेनापती जनरल व्वादिस्वाफ आंदेर्स यांच्या सैन्यात दाखल झाले होते. अशा सैनिकाची पदके घरापर्यंत पोहोचलीच नसतील, तर अर्ज लिहायला बसण्यापूर्वी वारसाने मागायचे पदक कोणत्या सरकारचे आहे, हे ठरवावे. बहुतेक गोंधळ येथेच होतो.

आंदेर्स यांची दुसरी पोलिश कोर (अनेक तुकड्यांचे मोठे सेनादल) इटलीत ब्रिटिश आठव्या सैन्याबरोबर लढली. त्यामुळे तिच्या सैनिकांना पोलिश सन्मानांबरोबरच ब्रिटिश मोहीमपदकांचाही हक्क मिळाला. ही मोहीमपदके शौर्यासाठी नसून सेवेसाठी असतात आणि ठरलेली अट पूर्ण झाली की सैनिक त्यांना पात्र ठरतो. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या मुदतीत इटलीच्या रणक्षेत्रात सेवा केलेल्यास ‘इटली स्टार’, तर ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या दरम्यान किमान २८ दिवस पूर्णवेळ सेवा केलेल्यास ‘वॉर मेडल’ देय होते. सोव्हिएत नेतृत्वाखालील पोलिश सैन्यात लढलेल्यांना मात्र हा मार्ग खुला नाही.

युद्धानंतर ही पदके आपण होऊन घरपोच आली नाहीत. ती मागावी लागत, आणि परक्या देशात नव्याने संसार मांडणाऱ्या अनेकांनी ती मागितलीच नाहीत. न घेतलेल्या पदकासाठी आता ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या पदक कार्यालयाकडे वारसाला अर्ज करता येतो. पहिला हक्क हयात जोडीदाराचा, नंतर अपत्यांचा असतो. दूरच्या नातेवाइकाने अर्ज केल्यास निकटच्या वारसाची लेखी संमती जोडावी. अर्जासोबत सैनिकाचा मृत्यूदाखला, नाते सिद्ध करणारे जन्म किंवा विवाहाचे दाखले आणि अर्जदाराचे ओळखपत्र तयार ठेवावे. कागद इंग्रजीत नसल्यास प्रमाणित भाषांतर सोबत द्यावे.

खरी कसोटी सैनिकाची नोंद सापडण्याची असते. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, सेवाक्रमांक आणि तुकडी यांपैकी जेवढे ठाऊक असेल तेवढे लिहावे. पोलिश अक्षरांवरील खुणा इंग्रजी कागदांत गळून पडतात, पुढे ब्रिटनमध्ये काहींनी नावेच सुटसुटीत केली, आणि ज्या गावी सैनिक जन्मला ते गाव आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात असू शकते. म्हणून आजचे नाव नव्हे, तर सेवेत दाखल होताना लिहिले गेलेले नाव आधी द्यावे. जुने वेतनपुस्तक हाती असल्यास त्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

पोलिश शौर्यसन्मानांची रीत निराळी आहे. १७९२ मध्ये राजा स्तानिस्वाफ आऊगुस्त पोन्यातोव्स्की यांनी स्थापिलेला, पाच श्रेणींचा ‘विर्तुती मिलितारी’ किंवा १९२० मध्ये सुरू झालेला ‘क्शिज वालेच्निख’, म्हणजे शूरांचा क्रूस, वारसाच्या अर्जावरून नव्याने मिळत नाही. सन्मान त्या काळीच प्रदान झाला होता का, एवढीच चौकशी करता येते. त्यासाठी लंडनमधील पोलिश इन्स्टिट्यूट व सिकोर्स्की संग्रहालयाला पत्र लिहावे, कारण पश्चिमेकडील पोलिश सैन्याची बरीच कागदपत्रे तेथे आहेत. इटलीतील मोन्ते कास्सिनोच्या लढाईनंतर १९४४ मध्ये स्थापन झालेल्या स्मृतिक्रूसाची ओळख पटवणे त्या मानाने सोपे आहे: प्रत्येक क्रूसाच्या पाठीवर क्रमांक कोरलेला असून सैनिकाला त्याच क्रमांकाचे प्रमाणपत्रही दिले जाई. घरी क्रूस असेल, तर चौकशीच्या पत्रात तो क्रमांक सर्वप्रथम लिहावा आणि पाठीचे स्पष्ट छायाचित्र जोडावे.